टाचणीभोवतीची हवा

पुणे, मार्गशीर्ष

रा. रा. नानासाहेब यांस,


आपले पत्र पोचले. नातू चि. ओंकार याचा खोकला, माझी लेक चि. सौ. मृणाल हिची जागरणे आणि चेंबूरच्या आपल्या घराच्या खिडक्यांना दिवसभर लागलेल्या कड्या, हा मजकूर वाचून जीव खालीवर झाला. परंतु जावईबापूंच्या फोनवरील नकाशात चेंबूर लाल दिसते आणि आमच्या फोनवरील नकाशात पुणे हिरवे दिसते, सबब मुलास हिवाळाभर पुण्यास धाडावे, हा जो फैसला आपण पत्राच्या अखेरीस दिला आहे, तो वाचून मला आनंदही झाला आणि संकोचही वाटला. नातू चार महिने घरी राहणार हे कोणत्या आजोबास कडू लागेल? त्यातून आपल्या गावच्या हवेची तारीफ मुंबईकराने लेखी करावी, हे पुणेकराच्या नशिबी वारंवार येत नाही. तरीही एकतीस वर्षे मोजणी खात्यात काढलेल्या माणसाला नकाशा समोर आला की रंग उशिरा दिसतो. मोजणी कोणी केली, कोणत्या साधनाने केली आणि कोणत्या तारखेस केली, एवढे विचारल्यावाचून त्याचे डोळे पुढे सरकत नाहीत. या खोडीपायी हे लांबलेले पत्र.

जावईबापूंना विचारून मी त्यांचा नकाशा माझ्या फोनवर उघडला आणि माझा त्याच्याशेजारी ठेवला, तेव्हा घोटाळा कोठे आहे हे पाच मिनिटांत ध्यानात आले. त्यांचा नकाशा जगभरच्या शहरांचा असून तो अमेरिकेच्या मापाने चालतो. माझा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, २०१५ च्या एप्रिलात सुरू झालेल्या आपल्या राष्ट्रीय निर्देशांकाचा. समजा, एका घनमीटर हवेत पीएम २.५ म्हणतात ती सूक्ष्म धूळ, म्हणजे जिचा कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्याएवढा किंवा त्याहून बारीक असतो ती, साठ मायक्रोग्रॅम आहे. आपल्या निर्देशांकात तिचा आकडा बरोबर १०० येतो, रंग फिकट हिरवा पडतो आणि शेरा मिळतो ‘समाधानकारक’. तीच धूळ, तीच हवा, तोच क्षण अमेरिकी मापात घातला की आकडा १५० च्या वर जातो, रंग लाल होतो आणि शेरा ‘अपायकारक’ असा येतो. एका भावाची जमीन बिघ्यात आणि दुसऱ्याची एकरात मोजून वाटणीचा तंटा तोडावा, तसे हे आपल्या दोन घरांच्या बाबतीत झाले. दोन्ही गावे एकाच मापाने पाहिली तेव्हा फरक होता, चेंबूरच्या विरुद्ध होता, पण लाल आणि हिरवा एवढा तो खासच नव्हता.

आता आकड्याची कैफियत. निर्देशांकात आठ प्रदूषके धरली आहेत. मला आधी वाटले होते की आठांची बेरीज करून सरासरी काढीत असतील. तसे नाही. प्रत्येकाचा आकडा स्वतंत्र मांडतात आणि त्यांतला जो सर्वांत वाईट, तोच शहराच्या नावावर चढतो. सातबारावर आठ हिस्सेदार असले तरी ज्याची थकबाकी मोठी, त्याच्याच दारी तलाठी उभा राहावा, तसला हा न्याय आहे. आणि आपल्याकडे हिवाळ्यात हा थकबाकीदार बहुतकरून धूळच असते. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. धुळीचा हा आकडा त्या घटकेचा नसून मागल्या चोवीस तासांच्या सरासरीचा असतो. लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहा वाजता खिडकीबाहेर हात दिसेनासा झाला असताना नकाशा त्या मानाने शांत होता आणि दुसरे दिवशी सकाळी, आकाश निवळू लागल्यावर, तो खवळला, याचे मला तेव्हा नवल वाटले होते. आता वाटत नाही. दप्तरात नोंद उशिराच चढते, हे मला तरी कळायला हवे होते.

एवढ्यावर समाधान होईना, म्हणून गेल्या आठवड्यात सकाळी चालत मी, हे आकडे जेथे मोजतात अशा एका मोजणीठाण्याशी गेलो. तारेच्या कुंपणाआड लोखंडी पेटीसारखी एक खोली, छपरावर टोपी घातलेल्या दोन-तीन नळ्या, आत यंत्रांची मंद घरघर. देखभालीस आलेला तरुण भला होता. मी निवृत्त मोजणीदार आहे हे कळताच त्याने मला दारातून आत डोकावू दिले आणि वापरून झालेली कागदासारखी एक पातळ फीत हातात दिली. वरच्या नळीतून ठरावीक मापाने हवा ओढतात, ती या फितीतून गाळतात, आणि साचलेल्या थरातून बीटा किरण सोडून त्यांतले किती अडले यावरून धुळीचे वजन ठरवतात; तास झाला की फीत पुढे सरकते. त्यामुळे फितीवर ओळीने गोल डाग उठलेले होते, वारकऱ्याच्या कपाळी बुक्का असावा तसे, काही फिकट, काही चांगले काळे. पहाटेचे डाग दुपारच्यांहून गडद होते हे चष्मा पुसून न पाहताही कळत होते. नानासाहेब, नकाशाचे ते रंगीत गोळे पाहून मला जे कधी पटले नव्हते, ते त्या वीतभर फितीने पटले: हा आपण घेतलेला श्वास आहे आणि त्याला वजन आहे.

परंतु तो श्वास त्या नळीच्या तोंडाशी घेतलेला आहे, हेही त्याच फितीने पटले. नकाशावर जेथे टाचणी आहे तेथे मोजणी आहे. दोन टाचण्यांच्या मधला जो मुलायम रंग काही नकाशांत सलग पसरलेला दिसतो, तो अदमास आहे, आसपासचे आकडे, वारा आणि उपग्रहाने वरून पाहिलेले यांच्या आधारे गणिताने केलेला. अदमास चुकीचाच असतो असे नव्हे. मात्र आमच्या खात्यात न मोजलेल्या शिवारावर कोणी हद्द ओढली असती, तर मोजणी तपासणाऱ्या निमतानदाराने ती नकाशासह परत केली असती. त्या दिवशी घरी परतताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी झाडणाऱ्या बाईने रेनट्रीच्या पानांचा ढीग पेटवलेला होता आणि शेजारच्या इमारतीचा पहारेकरी त्यात प्लॅस्टिकची पिशवी सारून हात शेकत होता. धूर जमिनीपासून पुरुषभर उंचीवर थबकून आडवा पसरला होता. रात्रीच्या गारठ्याने खालची हवा जड होऊन बसली की वरची ऊबदार हवा झाकणासारखी तिच्यावर बसते आणि टेकड्यांच्या या वाडग्यात धुराला वाट सापडत नाही. मी खोकत उभा होतो आणि खिशातला फोन म्हणत होता, समाधानकारक. फोन खोटे बोलत नव्हता. त्याची टाचणी दोन मैलांवर होती.

म्हणून चेंबूर निर्दोष आहे असे मात्र म्हणवत नाही. माहुलच्या तेलशुद्धीकरणाच्या भट्ट्या, खताचा कारखाना, १९२७ पासून कचरा पोटात घेणारे देवनार, अवजड मोटारींची रहदारी आणि आता प्रत्येक जुनी इमारत पाडून उभे राहणारे मनोरे, हा शेजार आपण माझ्याहून अधिक जाणता. २०१६ च्या जानेवारीत देवनारला आग लागली तेव्हा मृणाल नवी नवरी होती, आणि ओल्या पंच्याने दाराची फट बुजवल्याचे तिने फोनवर हसत सांगितले होते. तरी मुंबईला एक देणगीदारही आहे: समुद्र. दिवसा खारे वारे आत येऊन अंगण झाडून जातात. हिवाळ्यात हे वारे उशिरा उठतात, दुबळे असतात, आणि रात्री मतलई वारे जमिनीवरचा मळ समुद्राकडे नेता नेता वाटेत सोडतात. म्हणून आपल्याकडेही पहाट वाईट आणि दुपार त्या मानाने बरी. आपण ओंकारला ‘सकाळची शुद्ध हवा’ म्हणून साडेसहाला बागेत नेता, असे मृणाल लिहिते. आपल्या-माझ्या वडिलांनी दिलेली ही शिकवण मोडायला जिवावर येते, पण जानेवारी संपेपर्यंत ती फेरी दुपारी चारला ठेवावी.

आणि त्या ‘समाधानकारक’ शब्दावर फार विसंबू नये. आपल्या २००९ च्या मानकाने चोवीस तासांत साठ मायक्रोग्रॅमपर्यंत ही धूळ चालते; जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तीच मर्यादा पंधरावर आणली. सरकारी मर्यादा ठरवताना देशाची ऐपतही पाहतात, मुलाची छाती ती पाहत नाही. तेव्हा हिरव्या पुण्यात आणून त्याला बरे वाटेलच असा दाखला मी देऊ शकत नाही. देववला असता तर हे पत्र चार ओळींत आटोपले असते.

माझी विनंती एवढीच की महिनाभर थांबावे. डॉक्टरांचे औषध चालू द्यावे, आणि एक वही घालावी. रोज सकाळी सात, दुपारी दोन आणि रात्री नऊला जवळच्या टाचणीचा आकडा लिहावा, आणि तो चोवीस तासांचा की त्या तासाचा हेही; बहुतेक नकाशांत बोट दाबले की ताशी आकडे वेगळे दिसतात. समोरच्या रकान्यात ओंकारचा खोकला: नाही, थोडा, फार. शेजारी कोणी काही जाळले, रस्ता खणला, घरात फोडणी करपली किंवा उदबत्ती लावली, तर तेही. मी इकडे माझ्या गल्लीची तशीच वही सुरू केली आहे. पहिल्या पाच दिवसांत पानांच्या शेकोट्यांची नोंद चार वेळा झाली, आणि पहारेकरी आता मला पाहून पिशवी मागे लपवतो.

संक्रांतीला आपण सर्व इकडे यावे, म्हणजे दोन्ही वह्यांची रुजवात घेऊ आणि मुलाने कोठे राहावे ते तेव्हा ठरवू. सौ.ने तिळाचे लाडू आतापासून हिशेबात धरले आहेत. वही कोणतीही चालेल, ओंकारच्या गेल्या वर्षीच्या कोऱ्या पानांचीसुद्धा. फक्त पहिल्या पानावर कोणता नकाशा आणि कोणाचे माप, एवढे ठळक लिहावे.

मुलांस आशीर्वाद, वहिनींस नमस्कार. कळावे, लोभ असावा, ही विनंती.

आपला,
दत्तात्रय