खाप्याहून मुंबई बंदरात

आमच्या खाप्याला पाणी म्हणजे कन्हान नदी. उन्हाळ्यात तीही रोडावते. त्यामुळे मे महिन्याच्या सुट्टीत वन्संकडे मुंबईला गेलो, तेव्हा मुलांनी पहिला हट्ट धरला तो समुद्राचा. घारापुरीला जायचं ठरलं. आदल्या रात्री वन्संनी एक जाडजूड पुस्तक पुढ्यात ठेवलं. म्हणाल्या, "वहिनी, हे चाळा. उद्या जे पाहाल, ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी कसं होतं ते कळेल."

ते मुंबईच्या जुन्या फोटोंचं पुस्तक होतं. तुम्हाला ठाऊक आहे का, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली! डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी हे तिथल्या सुरुवातीच्या फोटोग्राफरांपैकी एक. त्या काळातला किल्ल्याचा तट, गोदीतलं डोलकाठ्यांचं रान, बंदराच्या रक्षणासाठी विलायतेहून आलेल्या 'मॅग्डाला' आणि 'ॲबिसिनिया' या लोखंडी युद्धनौका, सारं त्या पानांत होतं. या दोन्ही नौका १८७० साली बांधलेल्या, प्रत्येकीवर तोफांचे दोन फिरते बुरूज. फोर्टचा तट तर १८६० नंतरच्या काही वर्षांत पाडला गेला. म्हणजे तो कसा होता, हे बघायला आज फोटोच हवेत.

पण पानं उलटताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, एवढं मोठं बंदर, आणि माणसं कुठे आहेत? पाणीसुद्धा दुधासारखं गुळगुळीत, लाट म्हणून नाही. वन्संचे यजमान फोटोग्राफीचे शौकीन. त्यांनी उलगडा केला. त्या वेळी काचेवर रसायन लावून ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच धुवायचा. फोटोग्राफर अंधारा तंबू बरोबर घेऊनच हिंडे. काच उजेडात काही सेकंद तरी उघडी ठेवावी लागे. तेवढ्या वेळात जे हललं, ते पुसलं गेलं. तोफ हलत नाही, तट हलत नाही. हमाल, खलाशी, सुतार मात्र कामात! ते कसे स्थिर राहणार? धक्क्यावर एके ठिकाणी धुरकट डाग होता. तो कुणीतरी ओझं वाहणारा असावा.

दुसऱ्या दिवशी गेटवेहून लाँचमध्ये बसलो. डावीकडे नौदलाची गोदी. सुरतेहून आलेल्या लवजी वाडियांनी १७३६ पासून इथे जहाजबांधणीचा पाया घातला. इथे सागवानात बांधलेलं, १८१७ सालचं 'ट्रिंकोमाली' जहाज आजही इंग्लंडात हार्टलपूलला जपून ठेवलंय. पुढे पाण्यातच 'मिडल ग्राउंड' हे तटबंदीचं बेट दिसतं. तिथे आपल्याला जाता येत नाही, लांबूनच पाहायचं. घारापुरीच्या टेकडीवर मात्र इंग्रजी अमदानीतल्या दोन प्रचंड तोफा आहेत, त्या अगदी हात लावून बघता येतात. (सोमवारी लेणी बंद असतात. जाताना टोप्या आणि पाणी विसरू नका.)

तोफेला टेकून मी बंदराकडे पाहिलं आणि मनात आलं, हे सारं राखण कशाचं होतं? १८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. मग आमच्याकडचा कापूस गाडीत बसून मुंबईला आला आणि इथूनच बोटीत चढला. विलायती सूत आणि कापड उतरलं तेही इथेच. त्याची झळ खाप्याच्या कोष्ट्यांच्या मागापर्यंत पोचली. म्हणजे या तोफांचा आणि आमच्या घराचा संबंध होता तर!

घरी परतल्यावर मी ट्रंकेतला एक फोटो काढला. माझे आजेसासरे मागावर बसलेत. चेहरा स्पष्ट, पण धोटा फेकणारा हात नुसता पांढरा फराटा. आजवर मी 'फोटो बिघडलाय' म्हणायची. बाजूला आणखी एकजण उभा आहे. सासूबाईंना विचारलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "हा त्यांचा धाकटा भाऊ. माग बंद पडला, तसा गिरणीत कामाला गेला. फार दिवस जगला नाही बिचारा." घरात हे नाव कधी निघालंच नव्हतं. सासूबाईंना यंदा ऐंशीवं लागलं. आणखी दोन वर्षं मी विचारलं नसतं, तर तोही बंदरातल्या त्या डागासारखाच राहिला असता.

मैत्रिणींनो, आज दुपारी कामं आटोपली की घरातले जुने फोटो काढा. ओल लागू देऊ नका, गोंद लावू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवा आणि एकेका फोटोमागे मऊ पेन्सिलीने, अगदी हलक्या हाताने, नाव लिहून ठेवा. आमच्या त्या फोटोमागे आता दोन नावं आहेत.