पंख नसलेल्यांचा डोंगर

मराठीत मुलांना पंख फुटतात आणि कुणाकुणाचे पंख छाटले जातात. फुटणे हा उत्कर्ष, छाटले जाणे हा अन्याय. पंखांची गरजच न उरलेल्यासाठी मात्र आपल्याकडे वाक्प्रचार नाही. वीस वर्षे वाक्प्रचार शिकवूनही ही उणीव आमच्या ध्यानात आली नव्हती. प्राणिशास्त्र विभागातले एक स्नेही उष्ण कटिबंधातील पर्वतांवरच्या भुंगेऱ्यांविषयी बोलू लागले, तेव्हा ती जाणवली.

हे भुंगेरे कॅराबिडी कुळातले. दगडांखाली, पालापाचोळ्यात धावून शिकार करणारे. सपाटीवरच्या बहुतेकांना उडता येते. उंच पर्वतांवर मात्र अनेकांच्या कठीण कवचाखाली पंखांचे केवळ अवशेष उरलेले असतात. मदीरा बेटावरील भुंगेऱ्यांच्या 550 पैकी 200 जातींना उडता येत नाही, हे डार्विनने 1859 साली नोंदवले होते. उडणारे वाऱ्याने समुद्रात वाहून गेले असावेत, असा त्याचा तर्क होता. हार्वर्डच्या फिलिप डार्लिंग्टन यांनी 1943 साली पर्वतांचा दाखला देऊन वेगळे कारण पुढे ठेवले. सपाटीवर पूर येतात, डबकी आटतात, नवी जागा शोधावी लागते. म्हणून पंख हवेत. पर्वताच्या मर्यादित पण स्थिर प्रदेशात ही वणवण नाही. तिथे पंख आणि त्यांचे स्नायू पोसणे हा निव्वळ भार ठरतो. अर्थात, पंख गेले की मधली उष्ण दरी ओलांडता येत नाही. एकेका पर्वताचे भुंगेरे मग वेगळे होत जातात आणि जगात अन्यत्र कुठेही न आढळणाऱ्या जाती तिथे घडतात.

हे ऐकून आम्ही सुखावलो, हे कबूल केले पाहिजे. तालुक्याच्या या महाविद्यालयात मराठी विभागात आम्ही दोघेच. शहरात जाण्याच्या संधी आल्या, आम्ही गेलो नाही. ‘अजून तिथेच का?’ या प्रश्नाला आता शास्त्राधार सापडला होता.

परंतु स्नेह्यांचे बोलणे संपले नव्हते. इक्वेडोरमधील पिचिंचा पर्वतावर एडवर्ड व्हिंपर या गिर्यारोहकाने 1880 साली भुंगेरे गोळा केले होते. अलीकडच्या संशोधकांनी त्या जुन्या नोंदींशी आजची स्थिती ताडून पाहिली. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, डिस्कोलस डायॉप्सिस या जातीच्या वस्तीची खालची सीमा सुमारे 400 मीटर वर सरकली आहे. हवा तापते तसे हे जीव पायी वर चढतात. डोंगर निमुळता होत जातो, जागा आक्रसते. शिखरानंतर चढायला काही उरत नाही.

यंदा एम.ए.च्या पहिल्या वर्षाला सात विद्यार्थी आहेत. त्यांतली एक परवा विचारायला आली: पुढच्या संशोधनासाठी शहरातल्या विद्यापीठात जाऊ, की इथेच राहू? पूर्वी आम्ही ‘इथेही काम आहे’ असे म्हणत असू आणि ते खोटे नव्हते. या वेळी आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि तिला ‘जा’ म्हणालो. ती गेल्यावर बराच वेळ दोघांपैकी कुणीच बोलले नाही.