वरंध : घाटाच्या पायथ्याचे एक घर

पुण्याहून कोकणात उतरण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांत वरंधा घाट हा आता काहीसा मागे पडलेला मार्ग होय. भोर सोडल्यावर नीरा-देवघर धरणाच्या काठाकाठाने रस्ता वर चढतो, कावळ्या किल्ल्याच्या अंगातूनच घाटमाथा ओलांडतो, वाघजाईच्या मंदिरापाशी घटकाभर विसावतो आणि मग वळणावळणांनी खाली उतरून माझेरी, वरंध, बिरवाडी अशी गावे घेत महाडला पोहोचतो. वाघजाईपाशी चहा-भज्यांच्या टपऱ्या आहेत, माकडांच्या टोळ्या आहेत आणि समोर दरीचे असे दृश्य आहे की, घाईतला प्रवासीही गाडीतून उतरतो. वरंधला मात्र सहसा कोणी उतरत नाही. घाटाचे आणि गावाचे नाव एकच. पण प्रवाशाच्या तोंडी घाट राहिला आणि गाव निसटले.

एके काळी असे नव्हते. महाड हे सावित्रीकाठचे जुने बंदर. खाडीने आलेला मिठासारखा माल बैलांच्या पाठीवरून देशावर चढे आणि देशावरचे धान्य खाली उतरे. व्यापारी घराण्यांतील वाचकांना हे सांगावयास नको की, चढ चढण्यापूर्वी जिथे जनावरे विसावतात, तिथे कोणीतरी दुकान मांडतेच. वरंधमधील एक किराणा दुकान असेच रस्त्याच्या कडेला, पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी आहे. पुढे दुकान, मध्ये माजघर, मागे डोंगराच्या अंगाला एक झोपण्याची खोली. घरात आजी, मुलगा, सून आणि दोन नातू. थोरला नऊ वर्षांचा, चौथीत. धाकटा सहा वर्षांचा, पहिलीत.

या दुकानाचे वर्ष पंचांगाप्रमाणे नव्हे, घाटाप्रमाणे चालते. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत रस्ता वाहता असतो. शिवथरघळीला जाणारे भाविक, रायगड पाहून परतणारे, सुट्टीतले पुणेकर अशी गिऱ्हाइके पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटे घेतात आणि रोख पैसे मोजतात. पाऊस लागला की दरडींच्या भीतीने घाट बंद होतो. अलीकडच्या अनेक पावसाळ्यांत अवजड वाहने तर सोडाच, लहान गाड्यांनाही बंदी झालेली आहे. मग गिऱ्हाईक राहते ते गावचे आणि आसपासच्या वाड्यांचे, आणि ते बहुतांशी उधारीचे. भाताची लावणी चाललेली असते, घरातील कर्ता पुरुष मुंबईला किंवा महाडच्या औद्योगिक वसाहतीत असतो आणि घरखर्चाची रक्कम गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर येते. जून ते भाद्रपद या काळातील उधारीची वही हीच या दुकानाची खरी पुंजी म्हणावी लागेल. कोणत्याही बँकेने ही वही तारण म्हणून स्वीकारली नसती. पण येथे बुडीत खाते क्वचितच निघते, कारण ऋणको रोज दारावरून जातो.

पावसाळ्यात मालही माणसासारखाच जपावा लागतो. मिठाला पाणी सुटते, गूळ पाझरतो, काडेपेट्या नरम पडतात. पोती जमिनीपासून वीतभर उंच फळ्यांवर ठेवलेली असतात आणि भिंतीलाही टेकू दिली जात नाहीत. या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, हे शाळेच्या पुस्तकातून शिकण्याआधीच मुलांना मिठाच्या पोत्यावरून कळलेले असते.

या घरातील सकाळ मोज्यांवरून सुरू होते. कोरडे मोजे चार असले तरी ते एकाच मापाचे असतात आणि ते माप नेहमी दुसऱ्याचे असते. चुलीवर ताणलेल्या दोरीवर दप्तरे, वह्या, कपडे टांगलेले असतात; त्यामुळे दोघांच्या वह्यांना धुराचा वास येतो आणि गुरुजींना वही न उघडताच ती कोणाची हे समजते. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, डब्यात पोळी आणि गूळ. थोरला छत्री नको म्हणतो, कारण छत्री धरली की हात अडकतो. धाकट्याला छत्री हवी असते, पण ती दादाचीच हवी असते. आई दोघांना रस्त्यापर्यंत सोडते आणि तिथून वळत नाही. शाळेकडे वळेपर्यंत दोन पाठी दिसत राहतात, तोवर ती उभी असते.

शाळा सुटल्यावर दोघे दुकानात येतात. आजींचा नियम असा की, प्रथम हातपाय पुसणे, मग खाणे, मग गल्ल्यापाशी अर्धा तास बसणे. धाकट्याचे काम पिशव्या उघडून धरण्याचे. तो प्रत्येक गिऱ्हाइकाला कोण आले, कशाला आले, घरी कोण आजारी आहे, हे विचारतो. आणि साखर देताना पिशवीबाहेर सांडलेले चार दाणे स्वतःचे मानतो. थोरला वजन करतो. जुनी तागडी जाऊन इलेक्ट्रॉनिक काटा आला, तरी त्याला आजोबांची लोखंडी वजने हाताळायला आवडतात. तोंडी हिशेब त्याचा पक्का आहे. पाव किलो चहा, दीड किलो तूरडाळ, एक साबण अशी यादी उभ्याउभ्या ऐकून तो रक्कम सांगतो. वडील पुन्हा मांडून पाहतात आणि काही बोलत नाहीत. भ्रमणध्वनीवरून पैसे घेण्याची सोय दुकानात आली, तेव्हा रक्कम बोलून दाखवणाऱ्या त्या छोट्या डबीवर धाकट्याने फार प्रेम केले. परंतु जोराच्या पावसात नेटवर्क जाते, डबी मुकी होते आणि पुन्हा वहीचे राज्य सुरू होते.

मुलाच्या या हिशेबीपणामुळेच घरात प्रश्न निर्माण झाला. महाडच्या बाजारपेठेत मुलांच्या मामांचे दुकान आहे. गेल्या दिवाळीत मामा म्हणाले, “दाजी, थोरल्याला पाचवीपासून माझ्याकडे द्या. इंग्रजी माध्यमाची चांगली शाळा आहे, शिकवणी आहे. इथे त्याची हुशारी पोती मोजण्यात जाईल.” वडिलांना हे पटले. त्यांच्यापाशी एक दाखलाही होता. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी याच महाड तालुक्यातील नाते या गावी झाला. पुढील शिक्षणासाठी त्यांनाही मुंबईस जावे लागले. १९१२ साली ते मॅट्रिकला पहिले आले. “नात्यातच बसून राहिले असते तर?” असे वडील विचारत. यावर आईचे उत्तर ठरलेले असे, “अहो, त्यांना घरी धाकटा भाऊ होता का, आणि तो रात्री कोणाजवळ झोपे, ते तुमच्या पुस्तकात नाही.”

आईचा विरोध केवळ मायेपोटी होता असे समजणे चुकीचे ठरेल. महिन्यातून एकदा माल आणण्यासाठी वडील महाडला जातात आणि सुट्टी असली तर मुलांनाही नेतात. या फेऱ्यांतून मुलांना बरेच काही मिळते. चवदार तळ्याच्या काठी उभे राहून वडिलांनी त्यांना २० मार्च १९२७ या दिवसाची हकीकत सांगितली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे ओंजळभर पाणी प्यायले आणि त्यासाठी हजारो माणसे जमली होती, हे ऐकून धाकट्याने विचारले, “पाणी प्यायला परवानगी लागायची?” वडिलांना नीट उत्तर देता आले नाही, थोरलाच म्हणाला, “काही माणसांना लागायची.” अशा गोष्टी वरंधच्या दुकानात बसून शिकता येत नाहीत, हे वडिलांचे म्हणणे खरे होते.

परंतु मामांच्या दुकानात शिरल्यावर आईची नजर प्रथम भिंतीकडे जाते. तिथे माणसाच्या डोक्याहूनही वर एक पुसट तपकिरी रेषा आहे. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी या दोन्ही नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, त्याची ती खूण. धान्य, कापड, औषधे, हिशेबाची दप्तरे, सगळे चिखलात गेले. कित्येक दुकानदारांनी नंतर विम्याची कागदपत्रे शोधली तेव्हा त्यांना कळले की, आगीचा विमा आहे म्हणून पुराचाही असतोच असे नाही. हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ते कलम पूर्वीच गाळलेले असू शकते. पॉलिसी हाती आली की ती वाचून मगच कपाटात ठेवावी, एवढे येथे नमूद करणे अस्थानी होणार नाही. मामांनी भिंतीला पुन्हा रंग दिला, पण ती रेषा पावसाळ्यात ओल धरून वर येते. मामांचे राहते घर दुकानाच्या माडीवर आहे आणि त्या रात्री ते कुटुंब तिथेच अडकून पडले होते.

त्याच दिवशी, वरंधपासून फार दूर नसलेल्या तळिये येथे डोंगर खाली आला. ऐंशीहून अधिक माणसे दगावली. थोरला तेव्हा पाच वर्षांचा होता, धाकटा आईच्या कडेवर. वीज नव्हती, फोन लागत नव्हते. बातमी माणसांच्या तोंडून आली, आणि जी नावे आली त्यांतील काही नावे दुकानाच्या वहीत होती. त्या पानांवर वडिलांनी काहीही लिहिलेले नाही. रेघही मारलेली नाही.

आजींना तारखा सांगता येत नाहीत. त्या पाऊस मोजतात. दासगाव-जुईच्या दरडींचा पाऊस म्हणजे २००५ चा. सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसह गेला तो, म्हणजे २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीचा. आणि तळियेचा. अखंड पाऊस लागला की त्या काठी टेकत मागच्या दारी जातात आणि डोंगरावरून येणाऱ्या झऱ्याचे पाणी पाहतात. स्वच्छ पाणी अचानक गढूळ झाले, जमिनीला नवी भेग दिसली, झाड किंवा विजेचा खांब कलला, घराचे दार चौकटीत अडकू लागले, तर तिथे थांबू नये, हे तज्ज्ञही आता गावोगाव सांगतात. आजींनी ते कोणाकडूनही ऐकलेले नाही. तळियेनंतर सुनेने एक नवा नियम घातला. दिवसभर पाऊस थांबला नाही तर त्या रात्री डोंगराच्या अंगाची खोली बंद करावयाची आणि सर्वांनी पुढे, दुकानात निजावयाचे. प्रथम आजी नाराज झाल्या, कारण लक्ष्मीच्या जागेत अंथरूण घालणे त्यांना रुचले नाही. दोन रात्री गेल्यावर त्यांनीच गाद्यांसाठी जागा मोकळी केली.

मुलांच्या दृष्टीने मात्र या रात्री सणाच्या असतात. पोत्यांच्या दोन थप्प्यांमध्ये गाद्या पडतात. तांदळाच्या पोत्याशेजारी ऊब असते म्हणून ती जागा मोक्याची. गुळाच्या ढेपेजवळ मुंग्या येतात. जागेवरून भांडण होते, धाकटा रडतो, थोरला जागा सोडतो आणि मग रात्री झोपेत ती परत मिळवतो.

निर्णय मार्गशीर्षात झाला. वडिलांनी सगळा हिशेब एका कागदावर मांडला होता. शाळेची फी, शिकवणी, गणवेश, एसटीचे भाडे, मामींना द्यावयाची रक्कम, जी मामी घेणार नव्हत्या. आकडे कसेबसे जुळत होते. आईने कागद पाहिला आणि म्हणाली, “इथे डोंगर आहे, तिथे नदी आहे. एक मूल डोंगराखाली आणि एक नदीकाठी ठेवून मला दोन्हीकडचा पाऊस ऐकता यायचा नाही. जायचे असेल तेव्हा दोघे एकदम जातील.” म्हणजे धाकटा पाचवीला पोहोचेल तेव्हा. तोवर थोरल्याने इथल्याच शाळेत शिकावे. आजी काही बोलल्या नाहीत, यावरून त्यांचा कौल समजला.

हा निर्णय योग्य होता काय, हे सांगणे कठीण आहे. तीन वर्षे हा मुलाच्या शिक्षणात लहान काळ नव्हे, आणि भावाच्या वयासाठी हुशार मुलाला थांबविणे अन्यायाचे वाटू शकते. थोरल्याला तर ते तसेच वाटले. त्याने वर्गात महाडला जाणार असे सांगून ठेवले होते. दोन दिवस तो गल्ल्यापाशी बसला नाही. तिसऱ्या दिवशी मीठ घ्यायला आलेल्या एका म्हातारीला धाकट्याने अर्ध्या किलोऐवजी पाव किलो मोजून दिले, तेव्हा तो आतून ओरडत आला, काटा आपल्याकडे ओढला आणि तिथेच बसला. वडिलांनी तो कागद फाडलेला नाही. तो उधारीच्या वहीच्या शेवटच्या पानात घडी घालून ठेवलेला आहे आणि दर दिवाळीला फीचा नवा आकडा त्यात लिहावयाचा, असे त्यांनी ठरविले आहे.

यंदा आषाढात सलग तीन दिवस पाऊस थांबला नाही. घाट बंद, वीज गेलेली. मागच्या खोलीला कडी घातली गेली, गाद्या पोत्यांमध्ये आल्या. आजी झऱ्याचे पाणी पाहून आल्या आणि “अजून स्वच्छ आहे” असे सांगून आडव्या झाल्या. मुले झोपली. वडील मेणबत्तीच्या उजेडात दिवसाची उधारी मांडत होते आणि सवयीने बेरीज हलक्या आवाजात म्हणत होते. वरच्या वाडीतील एका घराच्या खात्यावर ते चारशे साठ लिहू लागले.

“चारशे नव्वद,” पोत्यांमधून आवाज आला. “दुपारी काकूंनी तेलाची पिशवीही नेली.”

वडिलांनी साठ खोडून नव्वद केले आणि मेणबत्ती विझवली.