कानोसा

साहित्याच्या अभ्यासकाने यंत्राविषयी लिहू नये, असा एक अलिखित संकेत आपल्याकडे आहे आणि तो पुष्कळ अंशी योग्यही आहे. यंत्राकडून रूपक तेवढे उचलावे आणि ते चालते कसे हे मात्र जाणून घेऊ नये, अशी आपली रीत असते. माझ्याकडून तसे होऊ नये म्हणून जे घडले ते आधी क्रमाने सांगतो.

मी अभ्यागत प्राध्यापक म्हणून ज्या विद्यापीठात आहे, ते मराठी प्रदेशापासून बरेच दूर आहे. गेल्या हिवाळ्यात तेथे कीर्तनपरंपरेवर माझी तीन व्याख्याने ठरली. सभागृह लहान, म्हणून व्याख्यानाचे चित्र व ध्वनी परिसरातील आणखी चार खोल्यांत पोचवावेत अशी योजना झाली. पहिल्या दिवशी सुमारे सव्वाचार मिनिटांनी चारही खोल्यांतले पडदे एकदमच थिजले. यंत्रे बंद करून पुन्हा लावली की चित्र परत येई आणि तितक्याच वेळाने पुन्हा थांबे. माझा पूर्वरंग आटोपण्याआधीच त्या खोल्यांतले श्रोते उठून गेले होते.

दुसऱ्या दिवशी एका तरुण तंत्रज्ञाबरोबर मी त्या बिघाडाच्या मुळाशी, म्हणजे नव्यानेच बसवलेल्या स्विचपुढे, जाऊन बसलो. तो तेलुगुभाषक, मी मराठी. दोघांची हिंदी आपापल्या वळणाची. तरीही त्याने मला जे समजावून दिले ते इतके स्वच्छ होते की, आमच्या चर्चासत्रांत तशी मांडणी क्वचितच ऐकायला मिळते.

स्विच हा जाळ्यातला टपाल वाटणारा. आलेला निरोप आपल्या चोवीस पोर्टांपैकी कोणत्या पोर्टावर द्यायचा, हे तो पत्ता पाहून ठरवतो. परंतु मल्टिकास्टचा पत्ता कोणा एकाचा नसतो. २२४ ते २३९ ह्या आकड्यांनी सुरू होणारे आयपी पत्ते ही कोणाची घरे नव्हेत. ती मंडळांची नावे आहेत. बोलणारा एकदाच बोलतो आणि ज्यांनी त्या मंडळात आपले नाव घातले असेल, त्यांच्याच वाटेवर त्या बोलण्याच्या प्रती निघतात. ऐकणारे किती आणि कोण, हे बोलणाऱ्याला ठाऊक नसते. असण्याची गरजही नसते. १९८९ साली स्टीव्ह डीअरिंग ह्यांनी आरएफसी १११२ ह्या दस्तऐवजात ही व्यवस्था नेमकेपणाने नोंदवली.

आमचा जुना स्विच अडाणी होता. मंडळाचा निरोप आला की तो सर्वच पोर्टांवर ओतून मोकळा होई. ग्रंथालयाच्या खिडकीवरच्या संगणकालाही माझे व्याख्यान निष्कारण सोसावे लागे. नव्या स्विचवर म्हणून स्नूपिंग चालू केले होते. ह्या शब्दाला मराठीत ‘कानोसा घेणे’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. एखाद्या खोलीतले यंत्र आयजीएमपी ह्या नियमावलीच्या भाषेत म्हणते, ‘मला ह्या मंडळाचे ऐकायचे आहे’; स्विच त्याचा कानोसा घेतो, त्या पोर्टाची नोंद करतो आणि प्रवाह तेवढ्याच दिशेने सोडतो.

मात्र ही नोंद कायमची नसते. ऐकणारा मंडळात येताना आपण होऊन आपले नाव सांगतो; त्यानंतर तो विचारल्यावाचून बोलत नाही. विचारण्याचे काम एरवी राउटरचे. रूढ मापाप्रमाणे दर १२५ सेकंदांनी तो विचारतो, ‘कोणी ऐकते आहे काय?’ उत्तराला १० सेकंदांची मुदत असते. दोन फेऱ्यांचा काळ आणि ही मुदत मिळून २६० सेकंद होतात. तेवढ्यात उत्तर कानी आले नाही, तर नाव पुसले जाते. आमचा प्रवाह एकाच व्हीलॅनच्या आत फिरत होता आणि त्या व्हीलॅनमध्ये हा प्रश्न विचारणारा कोणीच नव्हता. चारही यंत्रे जागी होती, ऐकायला उत्सुक होती. पण स्विचच्या वहीत श्रोता उरला नव्हता.

उपाय दोन ओळींचा निघाला. त्या व्हीलॅनमध्ये स्विचलाच एक आयपी पत्ता देऊन प्रश्नकर्ता नेमले. नंतर आम्ही दोघे घड्याळ लावून बसलो. २६० सेकंद उलटले आणि चित्र हलत राहिले, तेव्हा तो तरुण हसला. मला मात्र हसू आले नाही.

त्याचे कारण असे. त्याच वर्षीच्या अहवालात मी लिहिले होते की, ह्या विद्यापीठात मराठीला श्रोते उरलेले नाहीत. पहिल्या वर्षी माझ्या वर्गात अकरा विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी त्यांतल्या एकाने येऊन, आपण येणार नसल्याचे सांगितले. मी इतरांना विचारले नाही. सूचनाफलकावर पत्रकही लावले नाही. नावे आली नाहीत आणि ह्या शांततेलाच मी उत्तर मानले. आयजीएमपीच्या १९९७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत ह्या बाबतीत माझ्याहून अधिक सौजन्य आहे. एखादा सदस्य निघून जात असल्याचे कळवतो, तेव्हा प्रवाह लगेच तोडला जात नाही. ‘आणखी कोणी आहे काय?’ असे त्या मंडळाला आधी विचारले जाते.

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे अवधान मागतात. तो भाग मी वर्षानुवर्षे विनयाचा नमुना म्हणून शिकवीत आलो. तो विनय आहेच. पण बोलणाऱ्याने पुन्हा पुन्हा करायचे ते एक कामही आहे, हे मला त्या स्विचपुढे बसल्यावर कळले.

ह्या सत्राच्या आरंभी मी हिंदी, तेलुगु आणि इंग्रजीत पत्रक काढून ते ग्रंथालयापासून वसतिगृहापर्यंत लावले. सात जण आले. त्यांतल्या दोघांच्या घरी तंजावरची मराठी बोलतात; त्यांना देवनागरी वाचता येत नाही, पण ऐकलेले सारे कळते. गेली दोन वर्षे ते ह्याच परिसरात होते. अहवालातले माझे ते वाक्य मागे घेण्यासाठी मी विभागाला पत्र लिहिले आहे. पुढच्या सत्राच्या पत्रकाचा मसुदाही त्याच दिवशी करून ठेवला.