मिटलेले फुप्फुस

आनापानसतीचे पहिले पाठ आपणा सर्वांना या शाळेतच मिळाले. श्वास आत येतो, बाहेर जातो. त्याच्यावर बळजोरी करू नका, केवळ पाहा, असे भंतेजी सांगत. पुढे पशुवैद्यकाचे शिक्षण घेऊन मी भूलशास्त्राकडे वळलो, आणि श्वासावर बळजोरी करणे हाच माझा व्यवसाय झाला!

पोटशूळाच्या शस्त्रक्रियेसाठी घोड्याला भूल देऊन पाठीवर निजवावे लागते. पाचशे किलोंचे जनावर. त्याच्या आतड्यांचा सारा भार श्वासपटलावरून फुप्फुसांवर येतो. पाठीकडचा, म्हणजे आता तळाशी गेलेला भाग मिटतो. तेथे रक्त वाहते, हवा पोहोचत नाही. शुद्ध प्राणवायू दिल्यास हे मिटणे उलट वाढू शकते, कारण वायुकोशांना टेकू देणारा नायट्रोजन निघून जातो आणि प्राणवायू रक्तात शोषला जाऊन कोश रिते होतात.

मिटलेले कोश उघडण्यासाठी व्हेंटिलेटरचा दाब पायरीपायरीने वाढवतात. कुत्र्यात पाण्याच्या ३० ते ४० सेंटिमीटर उंचीइतका दाब बहुधा पुरतो. घोड्यात तो ६० ते ८० पर्यंत न्यावा लागतो. उघडल्यावर, उच्छ्वासाच्या शेवटीही थोडा दाब शिल्लक ठेवावा लागतो. नाहीतर कोश पुन्हा मिटतात. कठीण प्रश्न निराळाच आहे. छातीतील दाब वाढला की हृदयाकडे परतणारे रक्त अडते आणि रक्तदाब कोसळतो. पोटशूळाने आधीच खचलेल्या घोड्यात प्राणवायूसाठी रक्ताभिसरण किती पणाला लावायचे? माझ्या मते, आधी शिरेतून द्रव देऊन रक्तदाब सावरावा. तो सावरत नसेल, तर फुप्फुस उघडण्याचा हट्ट धरू नये.

आमच्या पणजोबांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरे ओढणे आले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्याचे आवाहन केले, आणि आमच्या घराने मांसाबरोबर ते कामही सोडले. म्हणूनच मी पशुवैद्यकाला प्रवेश घेतला तेव्हा आजी कित्येक दिवस अबोल होती. पुन्हा जनावरेच का, एवढेच तिने एकदा विचारले. जिवंत जनावरे, आजी, असे मी म्हणालो. तिचे समाधान झाले की नाही, कोण जाणे. पण सुट्टीत घरी गेलो की शेजारपाजारच्या आजारी शेळ्या ती माझ्यासाठी अंगणात बांधवून ठेवू लागली.