शंभराच्या आत

गोल्फ या खेळातली सर्वांत मोठी अडचण कोणती असेल तर ती ही की, त्यातला चेंडू मुळीच हलत नाही. क्रिकेटमध्ये चेंडू अंगावर धावून येतो. टेनिसमध्ये तो प्रतिपक्षाने मुद्दाम अवघड करून धाडलेला असतो. त्यामुळे टोला हुकलाच तर दोषाचा निम्मा वाटा दुसऱ्याच्या पदरी घालून आपल्याला मोकळे होता येते. गोल्फचा चेंडू मात्र एखाद्या विरक्त साधूसारखा हिरवळीवर स्वस्थ बसलेला असतो. त्याला घाई नाही, कोणाविषयी आकस नाही, आणि आपण म्हणू तितका वेळ थांबायची त्याची तयारी असते. असा निरुपद्रवी चेंडू पुढ्यात असता पन्नाशी उलटलेला, सुशिक्षित आणि पूर्ण शुद्धीवर असलेला गृहस्थ काठी उगारतो, कमरेला पीळ देतो, श्वास रोखतो, आणि सारे बळ एकवटून शेजारचे मूठभर गवत उपटून काढतो! चेंडू जागच्या जागी. माणसाच्या अहंकाराची इतक्या शांतपणे केलेली थट्टा दुसऱ्या कोणत्या खेळात पाहावयास मिळत असेल असे मला वाटत नाही.

काठीने काही तरी टोलवावे ही हौस माझ्या बाबतीत बालपणी विटीदांडूने भागवली होती. पुढे पुस्तके आली, पदव्या आल्या, नोकरी आली आणि दांडू अडगळीत गेला. पन्नाशीला डॉक्टरांनी रोज चालण्याचा सल्ला दिला, तेव्हा आमच्या शेजारच्या सेवानिवृत्त कर्नलसाहेबांनी माझ्या हाती आपली एक जुनी काठी दिली आणि म्हणाले, "नुसते चालून कंटाळाल. चेंडूच्या मागे चाला." तेव्हापासून रविवारची सकाळ गावाबाहेरच्या गोल्फच्या मैदानावर जाऊ लागली. अठरा होलांचा फेरा सरळ चालले तर सुमारे सहा किलोमीटरांचा होतो. पण सरळ चालण्याचे भाग्य ज्याचा चेंडू सरळ जातो त्याचे. मला त्यात निदान दोनाची भर घालावी लागते. आमच्या घरी या व्यासंगाकडे प्रथमपासूनच व्यावहारिक दृष्टीने पाहिले गेले. "अहो, एवढे चालायचेच आहे तर दळण घेऊन जात जा," हिने सुचवले, "गिरणी वाटेतच आहे."

खेळ शिकायला वेळ लागतो. त्यातल्या सबबी मात्र माणूस पहिल्या दिवशीच शिकतो. नाचता येईना अंगण वाकडे ही म्हण करणाऱ्याने गोल्फ पाहिला नसेल, परंतु गोल्फ खेळणारा त्याला पुरता माहीत होता. इथले अंगण तर खरोखरीच वाकडे असते! कधी वारा आडवा येतो, कधी ऐन वेळी टिटवी ओरडते, कधी उतारावरचे गवत उलट्या अंगाने वाढलेले असते. माझी काठ्यांची पिशवी वाहणारा कॅडी एक तरुण मुलगा आहे; त्याच्याइतका मुत्सद्दी मनुष्य मी विद्यापीठाच्या सभांतूनही पाहिला नाही. चेंडू नाल्यात गेला की तो हळूच म्हणतो, "सर, टोला चांगला होता, दिशा तेवढी चुकली." परीक्षकाच्या अहवालात हे वाक्य मला कितीदा तरी उपयोगी पडले आहे.

चेंडू डोहात पडला म्हणून त्याच्यामागे उडी घेणारा एक गोकुळातला श्रीकृष्णच. आम्ही प्राकृत माणसे एका टोल्याचा दंड पत्करतो आणि दुसरा चेंडू काढतो. तो गवतात हरवला तर शोधायला पूर्वी पाच मिनिटे मिळत. २०१९च्या नव्या नियमांनी ती तीनवर आणली. नियम करणाऱ्यांना आपल्याकडचे श्रावणातले गवत ठाऊक नसावे. तरीही या नियमांविषयी मला मोठा आदर वाटतो, कारण त्यांनी संकटांपुढे कधी हात टेकले नाहीत. ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना गोल्फ क्लब आपल्या कलकत्त्याचा, १८२९ सालचा. त्या शहरातल्या एका मैदानावर माकडे चेंडू पळवीत, तेव्हा 'माकड चेंडू जिथे टाकील तिथून खेळावे' असा नियम करावा लागला, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, १९४० साली लंडनजवळच्या रिचमंड क्लबाने केलेले नियम मात्र पक्के खरे आहेत. त्या वर्षी आकाशातून बाँब पडत होते. शत्रूच्या कारवाईने चेंडू हलला तर तो दंडावाचून पूर्वीच्या जागी ठेवण्याची मुभा क्लबाने दिली. परंतु नेमक्या टोल्याच्या क्षणी बाँब फुटून नेम चुकला, तर दुसरा चेंडू खेळता येईल, मात्र एका टोल्याचा दंड बसेल, असेही बजावले. बाँब ही सबब सुद्धा पूर्णपणे मान्य न करणारा हा खेळ टिटवीला काय दाद देणार!

सबबीची सख्खी बहीण म्हणजे अतिशयोक्ती. तिला पृथ्वी अपुरी पडली असे दिसते. फेब्रुवारी १९७१मध्ये 'अपोलो १४' यानातून गेलेल्या अ‍ॅलन शेपर्ड या अंतराळवीराने नमुने गोळा करण्याच्या दांड्याला गोल्फच्या काठीचे टोक बसवले आणि चंद्रावर दोन चेंडू टोलवले. अवजड पोशाखामुळे त्याला एकाच हाताने खेळावे लागले, आणि प्रथम चेंडूपेक्षा धूळच अधिक उडाली. तरी दुसरा चेंडू मैलोगणती गेल्याचे त्याने तिथूनच पृथ्वीला कळवले. पुढे पन्नास वर्षांनी, २०२१ साली, जुनी छायाचित्रे तपासून अंतर मोजण्यात आले. पहिला चेंडू २४ यार्ड गेला होता आणि दुसरा ४०! ही हकीकत वाचली तेव्हापासून शेपर्ड मला अगदी आमच्या रविवारच्या मंडळींपैकी एक वाटतो.

या खेळाचे वेड फार जुने आहे. १४५७ साली स्कॉटलंडच्या पार्लमेंटाने त्यावर बंदी घातली, कारण लोक धनुर्विद्येचा सराव टाकून चेंडूच्या मागे धावत. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यावरूनच ती किती पाळली गेली हे उघड होते. शेवटी १५०२ साली राजा चौथा जेम्स याने स्वतःसाठी काठ्या विकत घेतल्या. आणि त्याही कोणाकडून, तर पर्थ गावच्या एका धनुष्ये करणाऱ्या कारागिराकडून! ज्या धनुष्याच्या रक्षणासाठी कायदा झाला, त्याचाच कारागीर काठ्या घडवू लागला. कायद्याचा असा गोड पराभव इतिहासात क्वचितच झाला असेल.

चेंडूची कथा तर मला एखाद्या बोधकथेसारखी वाटते. पूर्वी तो कातड्याच्या पिशवीत उकडलेली पिसे ठासून करीत. १८४८च्या सुमारास मलायाकडच्या झाडांच्या चिकापासून केलेला, गटापर्चाचा गुळगुळीत चेंडू आला. तो स्वस्त होता, टिकाऊ होता. पण नवा कोरा असताना नीट उडेना. गंमत अशी की, टोले खाऊन खाऊन त्याच्या अंगावर ओरखडे आणि खोचे पडले की तो सरळ आणि लांब जाई. खेळाडूंच्या हे ध्यानात आले, आणि कारागीर नव्या चेंडूवर आधीच हातोडीने घाव घालू लागले. आजच्या चेंडूवर दिसतात ते तीन-चारशे खळगे या ओरखड्यांचेच सुधारलेले वंशज. खळग्यांमुळे हवेचा पातळ थर चेंडूला अधिक वेळ बिलगून राहतो, मागे ओढणारी पोकळी लहान होते, आणि गुळगुळीत चेंडूच्या जवळजवळ दुप्पट अंतर तो तोडतो. प्रथम वर्षाच्या वर्गात बसलेले कोरे, तुळतुळीत चेहरे पाहिले की मला हा इतिहास आठवतो. थोडे ओरखडे पडू द्यावेत, मग पाहावे.

दुबळ्यांची या खेळाने मोठ्या मायेने सोय लावली आहे. कच्च्या खेळाडूला ठरावीक टोल्यांची सूट मिळते. २०२०पासून जगभर एकच पद्धत लागू झाली, तीत ही सूट ५४पर्यंत जाऊ शकते. त्यामुळे बाप आणि लेक, मास्तर आणि शिष्य बरोबरीच्या नात्याने लढू शकतात. आणि कोणी जोडीदार नसेल तर? इंग्लंडात सुमारे १८९०नंतर खेळाडूंनी 'बोगी' नावाचा एक काल्पनिक प्रतिस्पर्धी निर्माण केला. तो प्रत्येक होल नेमून दिलेल्या टोल्यांत पुरा करी आणि कधीही चुकत नसे. १८९२ साली लष्करी मंडळींच्या एका क्लबात त्याला रीतसर कर्नलची पदवीही मिळाली. अस्तित्वात नसलेल्या मनुष्याला बढती देण्याचा हा प्रकार आमच्या शिक्षणखात्यालाही अद्याप सुचलेला नाही.

पण ज्या कर्नलची गोष्ट मला सांगायची आहे, तो काल्पनिक नव्हता. या खेळात दुसरीकडे फारसे न आढळणारे एक वैशिष्ट्य आहे: रविवारच्या खेळात पंच नसतो. विटीदांडूत आम्ही दांडूने अंतर मोजू लागलो की, विरुद्ध पक्षाची चार पोरे वाकून मोजणाऱ्याच्या हाताकडे पाहत आणि वकट, लेंड, मुंड म्हणता म्हणता हातघाईवर येत. गोल्फमध्ये जोडीदार हिशेब लिहितो खरा. परंतु तुम्ही झुडपात शिरलात की तो शंभर पावलांवर आपल्या चेंडूचे दुःख करीत उभा असतो. तिथे तुम्ही, तुमचा चेंडू आणि बाभळीची सावली, एवढेच साक्षीदार. १९२५ सालच्या अमेरिकन ओपन स्पर्धेत बॉबी जोन्स या थोर खेळाडूचा चेंडू उंच गवतात किंचित हलला. पंचांनी पाहिले नव्हते. त्याने आपण होऊन दंड मागून घेतला. त्या एका टोल्यामुळे बरोबरी झाली, आणि पुढच्या निर्णायक फेरीत तो हरला. असल्या गोष्टी पुस्तकात वाचताना गोड वाटतात. डोळ्यांसमोर घडतात तेव्हा त्यांची चव निराळी असते.

कर्नलसाहेबांचे वय अठ्ठ्याहत्तर. अठरा होल शंभराच्या आत पुरे करावेत, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. एकशे चार, एकशे दोन, एकदा तर एकशे एक. शंभराचा उंबरठा काही ओलांडला जाईना. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सतरा होल झाले तेव्हा त्यांचे चौऱ्याण्णव टोले झाले होते. अखेरच्या होलावर पाच पुरेसे होते. त्यांचा दुसरा टोला उजवीकडे वळून बाभळीखाली गेला. कॅडी निशाणाकडे पुढे गेला होता, मी पलीकडच्या वाळूत होतो. थोड्या वेळाने झाडाआडून चेंडू सुरेख उडाला आणि ग्रीनवर जाऊन थांबला. मग दोन हलके टोले. चेंडू सव्वाचार इंचांच्या त्या भोकात खडखडला. मी धावतच गेलो आणि त्यांचा हात धरून म्हणालो, "कर्नलसाहेब, नव्व्याण्णव!"

"शंभर लिहा, प्रोफेसर," ते टोपी काढून घाम पुसत म्हणाले. "बाभळीखाली वाळकी काडी बाजूला करताना चेंडू बोटभर हलला. जागी ठेवला मी. पण टोला एक वाढवा."

त्यांच्या आवाजात त्यागाचा अभिमान नव्हता आणि खेदही फारसा नव्हता. किराणा दुकानात वाण्याने जास्त परत केलेला रुपया माणूस जसा सहज पुढे सरकवतो, तसे ते बोलले. मी शंभर लिहिले. कार्डावर तो आकडा काढताना मला मात्र पेन्सिल जड झाली. मग आम्ही चहा घेतला, आणि ते नेहमीप्रमाणे वाऱ्याला दोष देऊ लागले. त्यानंतरच्या पावसाळ्यात त्यांचे गुडघे दुखावले आणि मैदान सुटले. शंभर हाच त्यांचा शेवटपर्यंतचा उत्तम आकडा ठरला.

तीस वर्षे मी परीक्षागृहांतून येरझारा घातल्या आहेत. पर्यवेक्षक, भरारी पथके, सीलबंद पाकिटे, आणि आता भिंतींवरचे कॅमेरे, इतकी सामग्री आम्ही मुलांच्या प्रामाणिकपणासाठी जमवली. तिची गरज नाही असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु बाभळीखाली कॅमेरा नव्हता, आणि तिथे तपासली गेलेली उत्तरपत्रिका मी पाहिली आहे. नेहमीची गोष्ट अशी की, कर्तबगारीच्या जागी आपल्याला चुकण्याची सोय नसते, म्हणून आपण आकडे सजवू लागतो. वर्गात मला चांगलेच शिकवावे लागते, लेखकाला चांगलेच लिहावे लागते. गोल्फने मला वाईट खेळण्याचा हक्क दिला, आणि त्याच्या बदल्यात एवढेच मागितले की, मोजताना खरे मोजावे. इतक्या स्वस्तात मनःशांती देणारा व्यवहार मला अन्यत्र आढळला नाही.

माझा स्वतःचा आकडा तेवढा विचारू नका. तो शंभराच्या बराच पलीकडे आहे. पण माझ्या सगळ्या पदव्यांपेक्षा त्याच्या खरेपणाविषयी मला अधिक खात्री आहे. बाकी वारा, टिटवी आणि उलटे गवत यांच्याविषयी मी जे सांगतो, त्यावर वाचकांनी कितपत विश्वास ठेवावा हे त्यांनीच ठरवावे. नियमांनी हिशेब खरा ठेवायला सांगितले आहे. सबबींविषयी ते अगदी मौन पाळतात.