ब्रेकमधील हवा

सायकल दुरुस्त करणें मला येतें, असा माझा परवांपरवांपर्यंत समज होता; आणि तो बाळगण्यास मला चांगलें कारणहि होतें. विद्यार्थिदशेंत पुण्याच्या रस्त्यांवरून जी काळी जुनी सायकल मीं दहा वर्षें हांकली, तिचें पंक्चर मी स्वतः काढीत असें. सायकल हँडल व सीट यांवर उलटी उभी करावी, टायर सोडवावा, ट्यूब घमेल्यांतील पाण्यांत बुडवावी आणि बुडबुडे कोठून येतात तें पाहावें, हा विधि मला मुंजींतल्या संध्येपेक्षां अधिक पाठ होता. त्या सायकलीचे ब्रेक लोखंडी सळ्यांचे होते. ते लागत नसले तर कां लागत नाहींत हें डोळ्यांना दिसे. कोठला तरी स्क्रू सैल झालेला असे, तो पिळला कीं काम भागे.

गेल्या वर्षीं माझ्या मुलानें नवी सायकल घेतली. तिच्या चाकाच्या मध्याशीं बशीएवढी पोलादी चकती, त्या चकतीला दोहों बाजूंनीं चिमटींत धरणारा एक ठोकळा, आणि त्या ठोकळ्यापासून हँडलावरील तरफेपर्यंत गेलेली एक काळी नळी. नळींत तेल. तिला पाहतांच मला पास्कल आठवला. मी पदार्थविज्ञान शिकवितों; तो आठवला नसता तरच नवल! कोंडलेल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोंचतो, हा विचार ज्या ग्रंथांत आहे तो पास्कलच्या मृत्यूनंतर १६६३ सालीं प्रसिद्ध झाला. ब्रामानें १७९५ सालीं पेटंट घेतलेलें दाबयंत्र त्याच तत्त्वावर चालतें. आणि आज तेंच तत्त्व आमच्या जिन्याखालीं उभें आहे, असें एक छोटेखानी व्याख्यान मीं त्या दिवशीं दिलें. मुलानें तें शांतपणें ऐकून घेतलें. माझे वर्गांतले विद्यार्थीहि असेच ऐकतात.

पुढें एके दिवशीं त्या सायकलीचें मागचें चाक पंक्चर झालें. मुलगा कॉलेजांत गेला होता. मला हुरूप आला. मीं सायकल जुन्या रीतीनें उलटी केली, पंक्चर काढलें, चाक बसविलें, जोरानें फिरविलें, आणि तें थांबविण्यासाठीं ब्रेकची तरफ पांच-सात वेळां दाबली. फिरत्या चाकाला असें अडवून पाहण्यांत जो बालिश आनंद आहे, तो पन्नाशी उलटली तरी कमी होत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मुलगा म्हणाला, "बाबा, मागचा ब्रेक मऊ लागतोय."

मीं तरफ दाबून पाहिली. पहिल्यांदा ती खोल गेली, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा घट्ट झाली. "दोन-तीनदां दाबला कीं लागतो," मीं सांगितलें. "नवीन आहे, बसेल हळूहळू." त्यानें माझ्याकडे पाहिलें आणि मान हलविली. ज्यानें पास्कल समजावून दिला, त्याच्या शब्दावर त्यानें विश्वास ठेवला.

त्या रविवारीं तो मित्रांबरोबर सिंहगडावर गेला. खडकवासल्यावरून डोणजें, तेथून गोळेवाडी, आणि पुढें गडाची ती वळणावळणांची चढण. चढतांना ब्रेकचें काम नसतें. पिठलें-भाकरी खाऊन मंडळी उतरूं लागली. संध्याकाळीं तो घरीं आला तो कोपरापासून मनगटापर्यंत खरचटलेला. आईला त्यानें "घसरलों" एवढेंच सांगितलें. मला जिन्यांत गांठून म्हणाला, "बाबा, एका वळणावर मागची तरफ एकदम मुठीला जाऊन टेकली. पुढचा दाबला तर खडीवरून चाक घसरलें. डोंगराच्या बाजूच्या झुडपांत गेलों म्हणून." दुसरी बाजू कोणती, हें तो बोलला नाहीं.

दोष त्यानें मला दिला नाहीं. दिला असता तर बरें झालें असतें. रात्रीं मी जागाच होतों, आणि शिक्षकाला झोंप येत नसली म्हणजे तो करतो तेंच मीं केलें. कागद घेऊन हिशेब मांडला. तरफेच्या एका दाबानें जें तेल सरकतें तें चहाच्या चमच्याच्या चौथ्या हिश्श्याहूनहि कमी. तेल दबत नाहीं म्हणूनच एवढ्याशा तेलावर माणसासकट सायकल थांबते. हवा मात्र तेलाच्या हजारों पट दबते. म्हणजे नळींत हरभऱ्याएवढा एक बुडबुडा असला, तर बोटांचा बराचसा जोर त्याला चेपण्यांतच खर्ची पडावा, आणि चकतीपर्यंत फारच थोडा पोंचावा. उताराला ब्रेक तापतो. उष्णतेनें तो बुडबुडा फुगणार. आणि पुन्हां पुन्हां दाबल्यानें तरफ घट्ट होणें हें ब्रेक 'बसण्याचें' नव्हे, तर नळींत हवा असल्याचें लक्षण! दर दाबाला सांठ्यांतलें थोडें अधिक तेल आंत येतें, म्हणून क्षणभर तसा भास होतो.

पण हवा आली कोठून? तरफेपाशीं तेलाचा एक इवलासा सांठा असतो. सायकल उभी असतांना त्यांतली थोडीबहुत हवा तेलाच्या वर तरंगते आणि कोणाचें कांहीं बिघडवीत नाहीं. सायकल उलटी केली कीं तीच हवा नळीच्या तोंडाशीं येते, आणि त्या वेळीं कोणी तरफ दाबली तर ती थेट आंत शिरते. मीं ती पांच-सात वेळां दाबली होती. उजाडेपर्यंत पुढें कांहीं लिहिण्यासारखें नव्हतें.

सकाळीं मीं मुलाला सगळें सांगितलें. तो म्हणाला, "मग हवा काढूं या." दुपारीं मीं मोटारींच्या सुट्या भागांच्या एका दुकानांतून ब्रेकचें तेल आणलें. मुलानें बाटली पाहिली, मग तरफेवरचीं बारीक अक्षरें मला वाचून दाखविलीं. त्या ब्रेकला खनिज तेलच लागतें. मोटारींचें तें तेल निराळ्या जातीचें. तें हवेंतली ओल शोषून घेतें आणि खनिज तेलासाठीं केलेल्या रबरी कड्या फुगवून निकामी करतें. कांहीं सायकलींना नेमकें तेंच लागतें, आणि त्यांना खनिज तेल घातलें तर त्यांच्या कड्यांचेंहि तसेंच होतें. चोवीस तासांत दुसरी चूक माझ्या हातून होतां होतां राहिली.

योग्य तेल आल्यावर आम्ही गच्चीवर बसलों. चाक काढलें. ब्रेकचे पॅड काढून दूर कागदांत गुंडाळून ठेवले. त्यांना तेलाचा एक थेंब लागला तरी ते फुकट जातात. त्यांच्या जागीं प्लॅस्टिकचा तुकडा बसविला, नाहीं तर आंतले दट्टे बाहेर येतात. तरफ आडवी करून तिच्या भोकांत नरसाळें बसविलें. खालीं ठोकळ्याच्या बोंडाला नळी जोडून तेलानें भरलेली सिरिंज लावली. सिरिंज मुलाच्या हातांत, नरसाळ्यावर डोळा माझा. त्यानें सात मिलिमीटरच्या पान्यानें बोंड किंचित् सोडलें आणि तेल खालून वर ढकललें. हवेला वरच जायचें असतें, म्हणून तिला वाटहि वरचीच द्यावी, ही त्या युक्तींतली खुबी. गुलाबी तेल नरसाळ्यांत चढूं लागलें. आधीं एक मोठा बुडबुडा आला, मग मोहरीएवढे, मग खसखशीएवढे.

"थांबले," मीं म्हटलें.

"नाहीं थांबले. नळीवर टिचकी मारा. आतां तरफ हळू दाबा. सोडा. हँडल थोडें कलतें करा."

मीं टिचकी मारली, दाबलें, सोडलें, कलतें केलें. आणखी तीन बुडबुडे आले. मग त्यानें मला तरफ दाबून धरायला सांगितलें आणि बोंड डोळ्याची पापणी लवावी इतक्या वेळांत उघडून मिटलें, तसें दोन-तीनदां. आज्ञा तो करीत होता आणि मी पाळीत होतों. पॅड परत बसवितांना माझा तेलकट आंगठा चकतीकडे निघाला तेव्हां त्यानें माझें मनगटच धरलें, आणि मला आधीं साबणानें हात धुवायला पाठविलें.

रात्रभर तरफ रबरबँडनें मुठीशीं आवळून ठेवली. उरलासुरला बुडबुडा असेल तर तो वर सांठ्यांत जावा म्हणून. सकाळीं रबरबँड काढून मुलानें तरफ एकदां दाबली. अर्ध्या वाटेवर ती दगडासारखी अडली. मग त्यानें सायकल माझ्याकडे दिली. "तुम्ही पाहा."

मी गल्लीच्या उतारावरून खालीं गेलों, वळलों, चढलों, पुन्हां उतरलों. दर खेपेला एकदांच दाबलें. दूधवाला थांबून पाहत होता. चौथ्या खेपेला मुलगा म्हणाला, "पुरे, बाबा. मला उशीर होतोय."

आतां जिन्याखालच्या तुळईला दोन दोर बांधले आहेत. पंक्चर काढायचें तर सायकल त्यांना सरळ टांगावी, असें ठरलें आहे. एरवीं सौभाग्यवती त्यांवर ओलीं फडकीं वाळत घालते.